छत्रीचं तोंड कुणीकडे

मागच्या दिवाळीत नाचणगावला गेलो होतो. संध्याकाळी सहज गच्चीवर चढलो, तर आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर आणि टिनांवर त्या छोट्या डिश दिसल्या. आमच्याकडे त्याला छत्रीच म्हणतात. सगळ्या छत्र्यांची तोंडं एकाच दिशेला, आग्नेयेकडे. मला एकदम जाणवलं की मी लहान असताना याच गच्च्यांवरचे सगळे अँटेना ईशान्येकडे बघायचे. म्हणजे मधल्या काळात कधीतरी अख्ख्या गावाने मान फिरवली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही!

ज्यांना नाचणगाव माहीत नाही (म्हणजे जवळजवळ सगळ्यांना) त्यांच्यासाठी: वर्धा जिल्हा, देवळी तालुका, पुलगावला अगदी खेटून. मुंबईहून नागपूरला रेल्वेने जाताना वर्धा नदी ओलांडली की पुलगाव येतं. पुलगावला लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे, आणि त्या डेपोमुळे आमच्या भागात केरळपासून पंजाबपर्यंत कुठकुठली माणसं येऊन राहायची. आमच्या घराला लागून भाड्याने राहणारं एक कुटुंब केरळचं होतं. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

ईशान्येला नागपूर. अँटेना तिकडे, कारण सिग्नल तिकडून यायचा. मुंबईला दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण विदर्भासाठी त्याचा उपयोग शून्य. साधा जमिनीवरचा ट्रान्समीटर काही हजार किलोमीटर नाही जात. आपल्यापर्यंत टीव्ही आला तो १९८२ नंतर. त्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आलं, एशियाड झालं, आणि ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला. मग १९८४ मध्ये सरकारने गावोगावी ट्रान्समीटर उभारायचा धडाका लावला. पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: 'हम लोग', 'बुनियाद', आणि १९८७ च्या जानेवारीत 'रामायण'.

आमच्याकडे टीव्ही आला तो 'रामायण'साठीच. बाबा गच्चीवर पाइप धरून, मी जिन्यात आणि आई खाली टीव्हीसमोर.

"आलं का?"

"मुंग्याच आहे अजून!"

"आता?"

"आलं, आलं... थांबा... गेलं!"

हा संवाद त्या काळात कमीत कमी लाखभर घरांत झाला असेल. कावळा बसला तरी राम-लक्ष्मण वाकडे व्हायचे.

असो. मुद्दा अँटेनाचा नाही, त्या केरळच्या मावशींचा आहे. त्यांना मराठी जेमतेम यायचं, हिंदी त्याहून कमी. काका डेपोत, मुलं शाळेत, आणि मावशी दिवसभर घरात. दूरदर्शनवर तेव्हा रविवारी दुपारी प्रादेशिक भाषेतला एखादा सिनेमा लागायचा, खाली इंग्रजी सबटायटल्स. आम्हा पोरांच्या दृष्टीने आठवड्यातला सगळ्यात कंटाळवाणा कार्यक्रम. बंगाली, तमिळ, आसामी, ओडिया, आणि फार दिवसांनी कधीतरी मल्याळम. तो मल्याळम रविवार मावशींना आधीच माहीत असायचा. त्या दिवशी त्या सकाळीच सगळा स्वयंपाक आटपून, धुतलेली साडी नेसून आमच्याकडे येऊन बसायच्या (त्यांच्याकडे टीव्ही नव्हता). एकदा सिनेमा ऐन अर्ध्यावर असताना लाइट गेली. आमच्यासाठी हे नेहमीचंच, आम्ही खेळायला पळालो. परत आलो तेव्हा मावशी बंद टीव्हीसमोर तशाच बसलेल्या होत्या. आईने चहा केला होता, तो गार झाला होता. मला तेव्हा फक्त एवढंच वाटलं होतं की इतक्या रटाळ सिनेमासाठी कोण एवढं थांबतं?

याचं उत्तर मला वीस वर्षांनी न्यू जर्सीत मिळालं.

२००६ साली मी एच-१ वर तिकडे होतो. बाबा आदल्या वर्षी गेले, आणि आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. अमेरिकेतल्या उपनगरात पाहुणी म्हणून आलेल्या साठीच्या बाईचा दिवस कसा जातो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर, संध्याकाळी साडेसहाला घरी. गाडी नाही, फुटपाथ नाही, शेजारी कोण राहतं पत्ता नाही. केबलवर साठ-सत्तर चॅनेल होते, सगळे इंग्रजी. पंधरा दिवसांनी लक्षात आलं की आई दिवसभर हवामानाचं चॅनेल लावून बसते. का? तर म्हणे त्यात बोलणं समजलं नाही तरी नकाशा आणि आकडे समजतात. संध्याकाळी आम्हाला बातमी द्यायची, "आज चाळीस होतं रे!" बाहेर आम्ही कुडकुडत होतो. तिकडचं चाळीस फॅरेनहाइट असतं हे तिला सांगितल्यावर ती जी हसली... ते तिचं तिथलं पहिलं हसू असावं.

मराठी नाटकांच्या डीव्हीडी तिने सोबत आणल्या होत्या. त्या तिथल्या प्लेयरवर लागेनात. हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या आग्रहाने जगाचे 'रीजन' पाडलेत: अमेरिका १, भारत ५. शिवाय आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, ६२५ ओळींची. तिकडची एनटीएससी, ५२५ ओळींची. दोन देशांमध्ये व्हिसा फक्त माणसांना लागतो असं नाही!

मग ठरवलं, डिश बसवायची. आणि त्या खटाटोपात मी या विषयाच्या मागे लागलो तो लागलोच. नवख्या माणसाला परक्या देशात टीव्हीवर काय दिसावं, यावर गेल्या साठ वर्षांत किती लोकांनी किती डोकं चालवलंय हे बघून थक्क व्हायला होतं.

सुरुवात ब्रिटनपासून करू. साठच्या दशकात भारत-पाकिस्तानातून तिकडच्या गिरण्यांत आणि फाउंड्रीत कामाला खूप लोक गेले. बीबीसीने १० ऑक्टोबर १९६५ ला त्यांच्यासाठी एक कार्यक्रम सुरू केला: 'अपना ही घर समझिए'. रविवारी सकाळी, हिंदुस्तानीत, म्हणजे भारतीय-पाकिस्तानी दोघांनाही कळेल अशा भाषेत. नावच किती बोलकं आहे बघा. 'आपलंच घर समजा' असं आपण पाहुण्याला म्हणतो. ज्याचं खरंच घर असतं त्याला असं सांगावं लागत नाही. हेतू चांगला होता: नव्या लोकांना इंग्रजी शिकवायचं, तिथल्या व्यवस्थेची ओळख करून द्यायची. पुढे १९६८ मध्ये त्याच्या जागी 'नई ज़िंदगी नया जीवन' आला आणि तो १९८२ पर्यंत चालला. पण कार्यक्रमात गाणं-बजावणंही असायचं, आणि माझा अंदाज असा की लोक धड्यांसाठी नाही, गाण्यांसाठी टीव्ही लावत असतील.

हे मी कशावरून म्हणतो? आपल्या इथल्या अनुभवावरून. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष इस्रोने नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून 'साइट' नावाचा प्रयोग केला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक. (महाराष्ट्र नाही. आम्ही वैदर्भीय तेव्हाही वंचितच!) कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा तीन मीटरचा अँटेना, पंचायतीच्या नाहीतर शाळेच्या ओट्यावर टीव्ही, आणि समोर अख्खं गाव. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. इंजिनिअरिंग म्हणून हा प्रयोग अफाट होता, मला आजही त्याचा अभिमान वाटतो. पण हाही शेवटी 'तुम्हाला काय हवं ते आम्हाला माहीत आहे' याच जातीचा टीव्ही. दूरदर्शनचा खरा स्फोट झाला तो 'रामायण' आणि 'चित्रहार'ने, 'आमची माती आमची माणसं'ने नव्हे.

'साइट'वरून एक किस्सा आठवला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भूस्थिर उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपण करता येईल ही कल्पना १९४५ साली ऑर्थर सी. क्लार्कने एका इंग्रजी मासिकात मांडली होती. हा इंग्रज गृहस्थ १९५६ पासून श्रीलंकेत राहत होता. १९७५ मध्ये इस्रोच्या इंजिनिअरांनी कोलंबोला जाऊन त्याच्या घरी 'साइट'चा अँटेना आणि टीव्ही बसवून दिला. श्रीलंकेत तेव्हा टीव्हीच नव्हता, तो १९७९ मध्ये आला. म्हणजे परदेशात राहायला गेलेल्या माणसाने टीव्ही लावला तो कसा, तर देशात टीव्ही नसताना, शेजारच्या देशाचे शेतीचे कार्यक्रम बघायला, आणि तेही स्वतःच सुचवलेल्या कक्षेतल्या उपग्रहावरून! याहून भारी इन्स्टॉलेशन मला तरी माहीत नाही.

तर पुन्हा मुद्द्यावर. नव्वदच्या दशकात सगळं उलटलं. उपग्रह जास्त ताकदीचे झाले, डिश लहान आणि स्वस्त झाली. आपल्याकडे १९९१ मध्ये स्टार आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी आला. परदेशात तर त्याहून मोठा बदल झाला. आता यजमान देशाने आठवड्याला अर्धा तास द्यायची गरजच उरली नाही. नवखा माणूस बाल्कनीत एक छत्री लावून थेट आपल्या देशाचा टीव्ही बघू लागला. जर्मनीत तुर्की लोक, फ्रान्समध्ये अल्जेरियन, ब्रिटनमध्ये आपण. आणि मग ज्या इमारतीवर जास्त छत्र्या ती परक्यांची इमारत, असं दुरूनच ओळखता येऊ लागलं. घरमालक चिडले. इमारत विद्रूप होते म्हणे. काही खरंच त्यासाठी चिडले, काहींचं कारण वेगळं असावं.

जर्मनीत हे प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयात गेलं. एका तुर्की भाडेकरूला डिश लावायची होती, मालक नको म्हणत होता. ९ फेब्रुवारी १९९४ ला कोर्टाने जो निकाल दिला त्याचा आशय असा: घरात केबल असेल तर एरवी ती पुरेशी मानता येईल, पण परदेशी माणसाच्या देशाचे कार्यक्रम त्या केबलवर नसतील तर त्याची गरज वेगळी आहे आणि ती मोजलीच पाहिजे. आपल्या देशाशी, भाषेशी नातं टिकवणं हा माहिती मिळवण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे.

स्वीडनमधलं प्रकरण याहून चटका लावणारं. स्टॉकहोमच्या रिंकेबी भागात इराकमधून आलेलं एक कुटुंब, तीन मुलं, भाड्याचं घर. अरबी आणि फारसी चॅनेलसाठी डिश. मालकाने हरकत घेतली तेव्हा त्यांनी भिंतीवरची डिश काढली आणि स्वयंपाकघरात एक लोखंडी स्टँड उभा केला. टीव्ही बघायचा असेल तेव्हा स्टँडचा दांडा खिडकीतून बाहेर सरकवायचा! तरीही मालक कोर्टात गेला. खालच्या मंडळाने कुटुंबाच्या बाजूने निर्णय दिला, वरच्या कोर्टाने मालकाच्या. डिश काढा, तरच राहा. त्यांनी डिश काढली नाही आणि २००६ मध्ये घर सोडलं. ते पुढे स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले आणि १६ डिसेंबर २००८ ला जिंकले. निकालपत्रातला एक मुद्दा मला फार आवडतो. न्यायाधीश म्हणतात की हे स्वातंत्र्य केवळ गंभीर बातम्यांपुरतं नाही. त्यात सांस्कृतिक कार्यक्रम आणि निव्वळ करमणूकसुद्धा येते, आणि लहान मुलं असलेल्या स्थलांतरित कुटुंबासाठी तिचं महत्त्व कमी लेखू नये. करमणुकीला इतक्या मानाने वागवणारं कोर्ट मी दुसरं पाहिलेलं नाही.

आपल्यातले किती लोक 'सास-बहू' बघणाऱ्या आयांना हसतात! मीही हसायचो.

माझ्या स्वतःच्या डिशचं प्रकरण याच काळातलं, पण त्याचा शेवट बराच स्वस्तात झाला. आधी एका कंपनीला फोन केला. सोशल सिक्युरिटी नंबर विचारला, दिला. क्रेडिट हिस्टरी नाही, म्हणून डिपॉझिट मागितलं. शिवाय दोन वर्षांचा करार, मधेच सोडला तर दंड. आता माझा प्रोजेक्ट सहा-सहा महिन्यांनी वाढायचा, आई सहा महिन्यांत परत जाणार, आणि करार दोन वर्षांचा! बायको म्हणाली, "घे. आपल्याला नको तेव्हा बघू." घेतला.

बसवायला आलेला माणूस मेक्सिकोचा होता. त्याला इंग्रजी माझ्यापेक्षा कमी यायचं, पण कामात एकदम तरबेज. आमच्या भागात भारतीय चॅनेल ६१.५ अंश पश्चिमेच्या उपग्रहावर होती. बाल्कनीत भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, म्हणून त्याने प्लास्टिकच्या बादलीत सिमेंट ओतून त्यात खांब उभा केला आणि खिडकीच्या फटीतून पट्टीसारखी चपटी केबल आत घेतली. आईने विचारलं, "छत्री भारताकडे तोंड करून बसवली का रे त्यानं?" नाही. तिचं तोंड दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे. तो उपग्रह विषुववृत्तावर, ॲमेझॉनच्या जंगलावर कुठेतरी ३५,७८६ किलोमीटर उंच. मुंबईतून निघालेली मालिका अमेरिकेतल्या एखाद्या अर्थ स्टेशनवरून ॲमेझॉनच्या डोक्यावर जाऊन आमच्या बादलीत उतरणार. आईला हे इतकं आवडलं की तिने नाचणगावला फोन करून सगळ्यांना सांगितलं.

दहा दिवसांनी दारावर चिठ्ठी. अपार्टमेंटच्या ऑफिसकडून: बाल्कनीतली वस्तू कराराच्या विरुद्ध आहे, दहा दिवसांत काढा, नाहीतर पुढील कारवाई. एच-१ वरच्या माणसाला 'कारवाई' हा शब्द नुसता वाचून घाम फुटतो. मी तर डिश उतरवायला पाना शोधायला लागलो होतो. ऑफिसातला एक जुना, मूळचा सांगलीचा सहकारी म्हणाला, "अरे थांब, एफसीसीचा नियम वाच आधी."

वाचला. अमेरिकन काँग्रेसने १९९६ मध्ये दूरसंचार कायदा केला, त्यावरून एफसीसीने नियम काढला की एक मीटरपर्यंतच्या डिशला घरमालक किंवा सोसायटी मनाई करू शकत नाही. सुरुवातीला तो स्वतःच्या मालकीच्या जागेपुरता होता. जानेवारी १९९९ पासून भाडेकरूंनाही लागू झाला, फक्त जागा त्यांच्या एकट्याच्या वापराची हवी. बाल्कनी चालेल, सामाईक गच्ची चालणार नाही. गंमत म्हणजे हा नियम करताना नवख्यांचा विचार फारसा कुणी केला नव्हता. केबल कंपन्यांची मक्तेदारी मोडायची होती, स्पर्धा आणायची होती. युरोपात जे स्वातंत्र्य म्हणून मिळालं ते अमेरिकेत ग्राहकाचा हक्क म्हणून मिळालं. मला स्वतःला युरोपचं कारण जास्त पटतं. पण त्या शनिवारी मला अमेरिकेचंच उपयोगी पडलं!

नियमाची प्रिंट काढून ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी ती वाचली, म्हणाल्या, "बादली कठड्याच्या आत आहे ना? मग ठीक आहे." दोन मिनिटं. मी घरून अर्ध्या तासाचं भाषण पाठ करून गेलो होतो.

आईचे उरलेले चार महिने बरे गेले. सुधारली, आनंदी झाली वगैरे मी म्हणणार नाही. बाबा जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पण संध्याकाळी आम्ही आलो की घरात कुणीतरी हिंदीत बोलत असायचं, आणि ती स्वयंपाकघरातून टीव्हीतल्या कुठल्यातरी सुनेला रागावत असायची. एकदा जेवताना म्हणाली, "ती आपल्या शेजारची केरळची बाई आठवते? तिच्यासाठी बॅटरी का नाही लावली रे आपण?" बाबांच्या स्कूटरच्या बॅटरीवर काही टीव्ही चालला नसता, हे मी तिला सांगितलं नाही.

२००८ मध्ये परत निघालो तेव्हा ती बादली उचलून कचऱ्यात टाकायची म्हणजे दोन माणसांचं काम होतं. आमच्यानंतर येणारं कुटुंब इजिप्तचं होतं, घर बघायला आले होते. नवरा बाल्कनीत गेला, बादलीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "यावर अरबी लागतं का?" मला माहीत नव्हतं. त्याने बादली ठेवायला सांगितली.

शेवटच्या दिवशी किल्ली द्यायला गेलो तेव्हा तो बाल्कनीत स्टुलावर उभा राहून छत्री इंच इंच फिरवत होता, आणि आतून त्याची बायको ओरडत होती. मला अरबीचं अक्षर कळत नाही, पण ती 'आलं, आलं... थांबा... गेलं' एवढंच म्हणत होती याबद्दल मला शंका नाही.